शिकायची का बेबीची?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागला की आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या इमारतीत दुपारचं चिटपाखरूसुद्धा हलत नाही. सगळे आपापल्या घरात दारं-खिडक्या लावून पडलेले. माझ्या मुलानं यंदा कूलरला नवा खस लावला आहे. पाणी पडलं की पहिले काही दिवस त्याचा असा काही वास सुटतो, की ऊन बाहेर कितीही दात ओठ खात असो, आपण त्याला जुमानत नाही. परवा याच वासात मी आडवी झाले होते आणि सोसायटीच्या ग्रुपवर चौथ्या मजल्यावरच्या मुलीचा निरोप आला. 'काकू, सुट्टीत वाचायला एखादी छान कादंबरी सांगा ना. नवीन हवी. आणि रडकी नको.'

आता ही मुलगी दुसऱ्या कोणाला विचारू शकली असती. मलाच विचारलं. का विचारलं, हे मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल बाई स्वतःचाच डंका पिटतेय. पिटतेच आहे. स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण दुसरं कोणी करेल याची वाट बघत बसले असते तर केस पांढरे झाले असते. तसे ते झालेच आहेत, ती गोष्ट वेगळी. मला स्वयंपाक बेताचा येतो, शिवणकाम तर येतच नाही. पण कोणत्या माणसाच्या हातात कोणती कादंबरी द्यायची, हे मला कळतं. आणि ते मी जिथं शिकले तिथं खसाचे कूलर नव्हते. तिथं दारावर ओलं पोतं टांगलेलं असायचं.

ते ओलं पोतं आठवलं की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो उन्हाळा नाकात शिरतो. भिजलेल्या तागाचा तो वास खसासारखा श्रीमंत नव्हता, पण त्याच्या आडोशाला अख्खं घर निजायचं. उत्तर नागपुरातली आमची वस्ती. छपन्न साली दीक्षा घेतलेली घरं एकाला एक लागून. बाबा मिलमध्ये मागावर होते. मिलचा भोंगा झाला की वस्ती त्यावर उठायची, जेवायची, झोपायची. मी नुकतीच मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि मोकळं होऊन करायचं काय, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. आई कांदे चिरून पन्ह्यासोबत ठेवायची, बाहेर जाणाऱ्याच्या खिशात एक कांदा सरकवायची, लू लागू नये म्हणून. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडलं की माती चर्र करायची आणि मग खाटा बाहेर यायच्या. माझं नाव सुलोचना, पण ते फक्त शाळेला माहीत होतं. वस्तीला मी बेबी.

विहाराला लागून टिनाच्या छपराची एक खोली होती, तेच आमचं वाचनालय. दाराशी सिमेंटची छोटी टाकी आणि नळ. तिथं एक रिवाज होता, आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. पुस्तकाला हात लावायच्या आधी हात धुवायचे. बोटं नुसती ओली केली तर चालायचं नाही, चांगले कोपरापर्यंत धुवायचे. मिलमधून आलेल्या माणसाच्या हाताला तेल असतं, वीटभट्टीवरून आलेल्याच्या हाताला माती असते, हे कारण होतंच. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. ज्यांच्या आज्याला अक्षर शिवू दिलं नाही, ती नातवंडं अक्षराला धुतलेल्या हातानंच शिवणार, असा तो सगळा मानाचा मामला होता.

रोज संध्याकाळी त्या खोलीपुढं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जायचं, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. आठवीपासून ते मी वाचत आले होते. बाबा सगळ्यात मागं, भिंतीला पाठ लावून बसायचे. मी अडखळले नाही की त्यांची मान ताठ व्हायची, ती मला वाचता वाचताही दिसायची.

वाचनालय चालवायचे रामटेके गुरुजी. शाळेतून निवृत्त झाले होते, पण कपडे आणि शिस्त अजून शाळेचीच. कपाटात व्याकरण, इतिहास, कायदा, बाबासाहेबांची पुस्तकं, परीक्षांची गाइडं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका नर्सबाईंची बदली झाली. सामान बांधताना त्यांनी एक पोतं भरून पुस्तकं वाचनालयाला दिली. गुरुजींनी मोठ्या आनंदानं पोतं उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. सगळ्या कादंबऱ्या. त्याही अगदी ताज्या, गेल्या दोन-चार वर्षांत आलेल्या.

"गोष्टी!" गुरुजी म्हणाले. "बेबी, आपल्या लोकायले पुस्तक भेटलं ते काहून भेटलं, मालूम आहे ना तुले? शिकाले भेटलं. आणि आता आपण त्याच्यावर हसत-खिदळत बसाचं?"

आजही गुरुजींना मी खोटं पाडू शकत नाही. ज्या माणसानं कंदिलाखाली दुसऱ्याच्या फाटक्या पुस्तकावरून शिक्षण केलं, त्याला पुस्तक म्हणजे शिडी वाटणार. शिडीवर बसून कोणी झोके घेतले तर त्याला राग येणारच. आणि बाबाही त्याच मताचे होते, हे माझं खरं दुखणं. ते म्हणाले, "मॅट्रिक झालेली पोरगी, अन् गोष्टी वाचून राहिली?" त्यांना वाईट वाटलं होतं, आवाजातच कळलं.

ठरलं ते असं. बुद्धपौर्णिमेनंतर वाचनालयाची सभा. तोवर लोकांनी या कादंबऱ्या नेल्या, वाचल्या, तर राहतील. नाही तर रद्दीत जातील आणि त्या जागी गाइडं येतील. मी मात्र त्या पोत्यातली पहिली कादंबरी ओल्या पोत्याआड एका दुपारी वाचून बसले होते. मी त्याआधी धडे वाचले होते, निबंध वाचले होते, कविता पाठ केल्या होत्या. पण आत माणसं चहा पितात, भांडतात, खोटं बोलतात, आणि पान उलटताना आपल्याला मिलचा भोंगाही ऐकू येत नाही, असं पुस्तक मला माहीत नव्हतं. हे रद्दीत जाणार? मी ठरवलं, जाऊ द्यायचं नाही.

आणि मग मी एक मोठा भैताडपणा केला, शुद्ध मूर्खपणा. मॅट्रिक झालेल्या मुलीनंच करावा असा. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर उभी राहिले आणि मराठीच्या पेपरात लिहिलं होतं तस्संच बोलले. या कादंबरीत समाजजीवनाचं वास्तव चित्रण आहे, व्यक्तिरेखा ठसठशीत आहेत, भाषा ओघवती आहे, तरी सर्वांनी लाभ घ्यावा. लोकांनी नम्रपणे ऐकलं आणि नम्रपणे घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कादंबरीचं तेच. तिसऱ्या दिवशी माणसं वर्तमानपत्र संपताच उठायला लागली.

आमच्या शेजारच्या शेवंतामावशी बिड्या वळायच्या. अक्षरओळख नव्हती, पण वर्तमानपत्र एक दिवस चुकवायच्या नाहीत. त्याच शेवटी मला म्हणाल्या, "बेबी, हे काय सांगून राहिली वं तू? भाजी कशी झाली म्हणून विचारलं त चव सांगाव माणसानं. तू आम्हाले चूल दाखवून राहिली."

बोलणं झोंबलं. पण रात्री खाटेवर पडल्या पडल्या कळलं की बाई बरोबर बोलली. मी कादंबरीबद्दल बोलत होते, कादंबरी कोणाला चाखू देत नव्हते.

दुसऱ्या संध्याकाळी मी काहीच बोलले नाही. वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, हात पुन्हा एकदा धुतले आणि कादंबरीतलं मधलंच एक पान वाचायला घेतलं. ती कादंबरी होती एका खानावळवाल्या बाईची. कचेरीसमोर तिची खानावळ. तिथं दोन सख्खे भाऊ रोज जेवायला येतात. विहिरीवरून त्यांची वर्षानुवर्षं कोर्टात केस चाललेली. एकमेकांचं तोंड पाहायचं नाही म्हणून पाठीला पाठ लावून बसतात, आणि मीठ हवं असलं की बाईमार्फत मागतात. 'बाई, त्यांना म्हणावं, मीठ इकडं सरकवा.' माणूस हातभर अंतरावर, आणि निरोप जातो स्वयंपाकघरातून! अंगणात खसखस पिकली. मग एका दिवशी धाकटा भाऊ येत नाही. थोरला ताटावर बसतो. बाई वाढते. तो जेवत नाही, नुसता भातात बोट फिरवतो. शेवटी तोंड वर न करता म्हणतो, 'बाई, त्याचं ताट वाढा.'

तिथं मी पुस्तक मिटलं.

कोणी उठलं नाही. शेवंतामावशींचा हात सुपातल्या पानांवर तसाच राहिला. "मंग? पुढं?" त्या म्हणाल्या.

"पुढचं पुस्तकात आहे," मी म्हणाले.

"अवं पण आला का नाही तो धाकला? मेला-बिला त नाही ना? सांग ना वं!"

मी सांगितलं नाही. कसली मस्ती चढली होती मला त्या क्षणी! आयुष्यात पुढं शाळेत नोकरी केली, बक्षिसं मिळाली, सत्कार झाले, पण त्या 'मंग? पुढं?'ची सर कशालाच आली नाही. शेवंतामावशींच्या सुनेनं त्याच संध्याकाळी ती कादंबरी नेली आणि सासूला वाचून दाखवली. सासू-सुनेचं त्या घरात विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. कादंबरी संपेपर्यंत तरी तह झाला.

मग मला नादच लागला. रोज एक पान, रोज एक 'पुढं?' हळूहळू समजत गेलं की पुस्तक ओळखणं सोपं, माणूस ओळखणं अवघड. सायकलरिक्षावाल्या गणपतभाऊंना मी प्रवासाची कादंबरी देऊ केली, त्यांनी हात जोडले. "दिवसभर फिरूनच राहिलो ना वं, आता एकाच जागी बसलेल्या माणसाची दे." खरंच होतं. त्यांना मी एका आळशी सावकाराची दिली. दुःखात असलेल्या माणसाला दुःखाची द्यायची नाही, हे सगळेच सांगतात. पण त्याला अगदी विनोदीही देऊ नये, त्याला आपली थट्टा झाल्यासारखी वाटते. त्याला भरपूर माणसं असलेली द्यावी, गर्दीत मन रमतं. आणि दिल्यावर 'वाचली का, वाचली का' म्हणून मागं लागू नये. पोराला जेवताना सारखं 'आवडलं का' विचारलं की ते ताटावरून उठतं.

हल्ली लोक पुस्तकाला तारे देतात. पाच तारे, साडेतीन तारे. देऊ द्या. पण ताऱ्यांवरून मला कळत नाही की वाचताना त्या माणसाची डाळ करपली की नाही.

असो. वस्ती वाचायला लागली होती, पण ज्यांनी वाचावं म्हणून माझा जीव तुटत होता ते बाबा भिंतीला पाठ लावून तसेच बसायचे. हसायचे नाहीत, उठायचेही नाहीत. पान वाचून झालं की खांद्यावरचा दुपट्टा झटकून घरी. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. पौर्णिमा झाली. खीर वाटली गेली, विहारावर दिवे लागले, आणि दोन दिवसांनी सभा आली.

सभेत गुरुजींनी मुद्दा मांडला. शांतपणे, नेमका. बायका-पोरींनी काही पुस्तकं नेली हे खरं, पण कमावत्या माणसांत एक गणपतभाऊ सोडले तर कोणी एकही नेलं नाही. गाइडांना मात्र मागणी आहे. मी खाली मान घालून ऐकत होते. कमावती माणसं म्हणजे माझे बाबाच की, सभेसाठी पाळीतून लवकर सुटून मागं येऊन बसलेले. तेवढ्यात भोंगा झाला आणि थोड्या वेळानं मिलमधून सुटलेली माणसं वाचनालयाच्या दारात उभी राहिली. आमच्या गल्लीतली नव्हेत, पलीकडच्या वस्तीतली. अंगावर कापसाचा भुगा तसाच.

"गुरुजी, ते खानावळवाली कादंबरी इथंच आहे ना?" त्यांच्यातला एक म्हणाला.

"तुम्हाले कोणं सांगितलं?"

"आमच्या किसनभाऊनं." त्यानं मागं बसलेल्या बाबांकडे बोट केलं. "डब्बा खाताना सांगून राहिले होते. अन् मस्त रंगात आणून सोडून देल्लं यानं. त्याचं ताट वाढा, म्हणे, अन् चुप! आठ दिवस झाले, पुढचं सांगत नाही. किती मनवलं, सांग ना गा, सांग ना गा. म्हणते, माह्या बेबीले मालूम आहे, तिले विचारा. म्हणून आलो. बेबीनं सांगितलेली कादंबरी पाह्यजे आम्हाले."

सगळी सभा बाबांकडे वळली. बाबा इतके लाजले की दुपट्ट्यानं तोंड पुसायला लागले. गुरुजींनी विचारलं, "किसन, तू वाचली ते?"

"नाही गुरुजी."

"मंग पुढचं काहून नाही सांगितलं यायले?"

"मले कोठं मालूम आहे पुढचं!" बाबा म्हणाले. "पोट्टीनं तेवढंच वाचलं होतं ना."

सभेत असा हशा उठला की छपरावरची कबुतरं उडाली. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. आठ दिवस माझे बाबा मागाच्या खडखडाटात, डब्याच्या सुट्टीत, माझं एक पान माणसांना सांगत होते. माझ्यासारखंच, नेमकं तिथंच थांबून. मी कसोशीनं शिकलेली कला त्यांना नुसत्या न माहीत असण्यानं साधली होती.

पण गुरुजी सहजासहजी सोडणारे नव्हते. हशा ओसरू दिला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण मले एक सांग किसन, याच्यातून शिकाले काय भेटते?"

बाबा उभे राहिले. सभेत ते कधीच बोलले नव्हते. म्हणाले, "ते मले नाही सांगता येत गुरुजी. पण आजवर पुस्तक आमच्या मांगं लागून होतं, शीक म्हणून, शीक म्हणून. हे पहिलंच पुस्तक असं आलं, का ज्याच्या मांगं आमचे मानसं लागले. त्याले रद्दीत देऊ नका."

आणि खाली बसले. एवढंच. मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली, शिक्षक म्हणून केलीही. पण अभिमान म्हणजे छातीत नक्की कुठं काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. अजून ती जागा तशीच शाबूत आहे, बोट ठेवून दाखवीन.

गुरुजींनी चष्मा पुसला, उठले, कपाटातला खालचा खण रिकामा केला आणि कादंबऱ्या त्यात लावल्या. तिथल्या तिथं त्या मिलवाल्यांना म्हणाले, "हां, बोला. शिकायची पाह्यजे, का बेबीची?" सुरात चिमटा होता. चिमटा राहिला नाही, शब्द राहिला. त्या दिवसापासून पुस्तक मागायला येणाऱ्याला आमच्या वाचनालयात तेवढंच विचारायचे, शिकायची का बेबीची? काही महिन्यांनी गुरुजींच्या हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक दिसलं. मी विचारलं नाही कोणतं. ते मात्र मोठ्यानं हसले होते वाचताना, आणि मग खोकल्यासारखं केलं होतं.

खानावळवाली कादंबरी बाबांच्या हाती सगळ्यात शेवटी आली. आधी ज्यांनी मागितली त्यांना, असा त्यांचाच हट्ट. तोवर नवतपा लागला होता. पहिली पाळी करून बाबा दुपारी भर उन्हात घरी आले. रोज आले की आधी माठातलं पाणी पितात, मग भिंतीला टेकतात. त्या दिवशी तसं केलं नाही. मोरीवर गेले. साबण घेतला. बोटांच्या फटीतलं तेल घासघासून काढलं, कोपरापर्यंत हात धुतले, दुपट्ट्याच्या कोऱ्या टोकाला पुसले. मग खाटेवर बसून त्यांनी ती कादंबरी मांडीवर घेतली. ग्रंथाला जो मान, तोच गोष्टीला. मला वाटतं, गुरुजींच्या प्रश्नाचं खरं उत्तर बाबांनी त्या मोरीवर दिलं. ओल्या पोत्याआड बसून मी पाहत होते, रडत होते, आणि आई म्हणत होती, "काय झालं वं बेबी, ऊन लागलं का तुले?"

त्यांचं वाचणं सावकाश. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत. मधेच हसायचे, एकटेच. मधेच पुस्तक मिटून आढ्याकडे बघत बसायचे. अख्खा नवतपा त्यांना ती पुरली. संपवली त्या दिवशी मी न राहवून विचारलं, "बाबा, कशी वाटली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि काय सांगू, त्यांच्या तोंडावर माझीच मस्ती होती.

"वाच म्हणजे कळन," ते म्हणाले.

आता बाबा नाहीत, गुरुजी नाहीत, मिलचा भोंगाही नाही. टिनाची खोली जाऊन तिथं दोन मजली वाचनालय झालं आहे. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला मी विहारात गेले होते, येताना सहज तिथं डोकावले. टेबलाशी कॉलेजातली एक मुलगी बसली होती. ओळखीची नव्हती, तिनंही मला ओळखायचं कारण नव्हतं. मी पुस्तक पाहिजे म्हटल्यावर तिनं मान वर न करता विचारलं, "काकू, शिकायची का बेबीची?"

म्हटलं, "बेबी कोण गं?"

तिनं खांदे उडवले. "मालूम नाही. आधीपासूनच असं म्हणतात इथं. असन कोणी जुनी लेखिका."

तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल, स्वतःचं कौतुक करायची संधी मी सोडत नाही. जिभेवर आलंही होतं. पण गिळलं. लेखिका झाले होते मी, एक ओळ न लिहिता! याहून मोठं माझं मी काय सांगणार होते? मी म्हणाले, "मग बेबीचीच दे. तू सांग एखादी."

मुलीनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. पांढरे केस, हातात छत्री, कपाळावर घाम. काय वाचत असेल ही म्हातारी, याचा अंदाज घेतला तिनं. मग उठून खालच्या खणातलं एक नवंकोरं पुस्तक काढलं आणि छातीशी धरून सांगायला लागली. एक विधुर, निवृत्त पोस्टमास्तर. शेजारी राहायला आलेल्या बाईशी त्याचा रोज नळावरून वाद. एका सकाळी नळाला पाणी येतं, पण बाई येत नाही. तो घागर भरतो, आणि तिच्या दाराशी नेऊन ठेवतो. दुपारी येऊन बघतो, तर घागर तशीच. दार मात्र आतून बंद.

आणि ती थांबली.

"मंग?" मी म्हणाले. "पुढं?"

ती हसली. पुस्तकासाठी मी पुढं केलेल्या हाताकडे पाहिलं, आणि दाराशी असलेल्या नळाकडे बोट केलं.

"आधी हात धुऊन या, काकू."